रिपोर्ट नॉर्मल, मग छाती का धडधडते?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आलेलं पत्र, थोडं आटोपतं करून:

"माझे मालक 46 वर्षांचे हायेत. सहा एकर वावर, कापूस अन् सोयाबीन. औंदा सोयाबीनवर येलो मोझॅक आला, बँकेचं थकलं, सावकाराचं वेगळंच. तीन महिन्यांपासून रोज रात्री तीनच्या सुमाराला जाग येते, छाती धडधडते, घाम सुटते. पोटात जळजळ, मान-खांदे आखडलेले. दुखण्याची गोळी मेडिकलमधून आणून रोज खातात. पायाला कुदळ लागली त्याला महिना झाला, जखम भरली नाही. तालुक्याला दाखवलं. ईसीजी नॉर्मल. बीपी 152/96 अन् उपाशीपोटी शुगर 118 निघाली. डॉक्टर म्हणते काही नाही, टेन्शन घेऊ नका. सासूबाई म्हणते बाहेरचं हाये. दिवसाचे आठ-दहा खर्रे चालतात. आताशा कोणाशी बोलत नाहीत, रात्री उठून गोठ्यात जाऊन बसतात. सारं नॉर्मल हाये म्हणते तर मंग छाती काहून धडधडते? माह्या बी हाताले मुंग्या येतात, जीव घाबरा होते, पण ते जाऊ द्या."

ताई,

पत्रात बीपी-शुगरचे आकडे आहेत, पण सगळ्यात आधी गोठ्याबद्दल बोलू. कर्ज आहे, झोप नाही, माणूस बोलेनासा झालाय आणि रात्री एकटा उठून जातो. हे सगळं एकत्र दिसलं की उद्यावर ढकलायचं नाही. आजच, घरात दोघंच असताना, त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येते का?" असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर "हो" आलं, किंवा ते नुसतेच गप्प बसून रडले, तर त्यांना एकटं सोडू नका. भाऊ, मेहुणा, ज्याच्यावर त्यांचा जीव आहे अशा कोणाला तरी बोलावून घ्या आणि त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी सेवेचा, फुकट नंबर आहे. दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतः, त्यांच्याऐवजी, फोन केला तरी चालतो.

आणि उत्तर काहीही येवो, फवारणीचं औषध घरात किंवा गोठ्यात ठेवू नका. उरलेले डबे पेटीत घालून कुलूप लावा, पेटी शेजारच्या किंवा दिराच्या घरी ठेवा, किल्ली तिसऱ्याकडे. पुढची फवारणी असेल तेव्हा लागेल तेवढंच आणा. अशा वेळी मनात येणारी लाट बरेचदा काही मिनिटांची, काही तासांची असते. त्या वेळात औषध हाताशी नसणं यानंच जीव वाचतात.

आता तुमचा प्रश्न. रिपोर्ट नॉर्मल आहेत असं तुम्हाला सांगितलं, पण ते तसे नाहीत. बीपी 140/90 च्या वर गेलं की ते वाढलेलं धरतात, म्हणजे 152/96 हे वाढलेलं आहे. उपाशीपोटी साखर 100 च्या आत हवी. 126 आणि पुढे, दोन वेगवेगळ्या दिवशी, निघाली तर मधुमेह. 118 मधल्या पट्टीत येतं, म्हणजे काठावर. ईसीजी तेवढा खरोखर नॉर्मल आहे, पण तो साधारण दहा सेकंदांचा असतो. त्या दहा सेकंदांत हृदय ठीक चाललं होतं, एवढंच त्यावरून कळतं. रात्री तीनला काय होतं ते सकाळी अकराला काढलेला कागद सांगत नाही.

टेन्शन आहे म्हणून आजार नाही, असा अर्थ काढू नका. टेन्शनच शरीरात जाऊन काम करतं. जागलीवर असताना अंधारात समोर रानडुक्कर आलं तर काय होतं ते आठवा. मेंदूतून मज्जातंतूंच्या वाटेनं मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथींना निरोप जातो आणि अॅड्रेनालिन रक्तात सुटतं. काळीज धावायला लागतं, दाब वाढतो, श्वास वर चढतो, स्नायू ताठ होतात, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, पोटाकडचं रक्त हातापायांकडे वळतं. रक्त गोठायची तयारीही वाढते, कारण जखम होणार असं शरीर धरून चालतं. हे सगळं पळण्यासाठी किंवा काठी उचलण्यासाठी. डुक्कर निघून गेलं की अॅड्रेनालिन काही मिनिटांत उतरतं. त्याच्या मागोमाग त्याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल निघतं. ते सावकाश चढतं आणि उतरायला तासभर तरी घेतं.

बँकेची नोटीस मात्र रानडुकरासारखी निघून जात नाही. सकाळी आहे, जेवताना आहे, झोपतानाही आहे. शरीराला नोटीस आणि डुक्कर यातला फरक कळत नाही. त्याची तीच तयारी रोज होत राहते, पण पळणं होत नाही. ओतलेली साखर वापरली जात नाही, ताठ झालेले खांदे सैल होत नाहीत, वर गेलेला दाब पुरता खाली येत नाही. तुमच्या यजमानांची एकेक तक्रार याच धाग्यावर आहे. सासूबाईंशी वाद घालू नका. देवाला नारळ फोडायचा तर फोडू द्या. फक्त त्यापायी दवाखान्याची तारीख चुकता कामा नये, आणि उपास, अंगारा, झाडफूक यासाठी चालू गोळी बंद व्हायला नको.

रात्री तीनचं गणित असं आहे. कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी असतं, पहाटेकडे चढू लागतं आणि सकाळी उठल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात शिखरावर जातं. उत्तररात्रीची झोप मुळातच उथळ असते. ज्याचं शरीर आधीच ताठ आहे त्याला एवढ्या चढानंही जाग येते. जाग आली की पहिला विचार हप्त्याचा, मग धडधड, मग "हार्ट अटॅक तर नाही?" ही भीती, आणि त्या भीतीनं आणखी धडधड. त्यात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची मिसळ, आहे. निकोटिन रक्तातून साधारण दोन तासांनी निम्मं होतं, म्हणजे नऊला शेवटचा खर्रा खाणाऱ्याचं शरीर उत्तररात्री तलफेनंही उठवतं. रात्री दारू होत असेल (तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचारतो) तर तीही तीनलाच उठवते. तिच्यानं झोप लवकर लागते, पण ती उत्तररात्री मोडते.

पण सगळं टेन्शनवर ढकलू नका, ही आमची मुख्य विनवणी आहे. पोळा होऊन गेलाय, फवारणी चालू आहे. ज्या दिवशी फवारणी केली त्या दिवशी किंवा त्या रात्री घाम, मळमळ, तोंडाला लाळ सुटणं, डोळ्यांतून पाणी, अंधुक दिसणं, डोळ्यांची बाहुली बारीक होणं, मांसात फडफड, श्वास कोंडणं असं झालं, तर ते औषध अंगात गेल्याचं लक्षण आहे. 2017 च्या हंगामात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तसं वाटलं तर अंगावरचे कपडे काढा, साबणानं अंघोळ घाला आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच रुग्णालयात न्या. डब्यावरचं नाव वाचलं की डॉक्टरांना उपचार ठरवता येतो. तेव्हा एक वही करा. ज्या रात्री धडधडलं ती तारीख, त्या दिवशी फवारणी होती का, काय खाल्लं, किती खर्रे झाले. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होईल.

मानेचंही तसंच. सोळा लिटरचा भरलेला पंप पाठीवर घेऊन दिवसभर एका हातानं दांडा मारणाऱ्याची मान दुखणारच. पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे करा, दर टाकीला दांड्याचा हात बदला. रात्री गरम पाण्यात पिळलेला टॉवेल खांद्यांवर पंधरा मिनिटं ठेवा. हे करूनही मान आखडलेलीच राहिली आणि सकाळी जबडाही दुखत असेल, तर ते झोपेत दात आवळतात. तो भाग टेन्शनचा.

आता त्या दुखण्याच्या गोळीबद्दल. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते. मेडिकलमधून मिळते ती बहुतेक डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा त्यांची मिसळ असते. ती जठराचं अस्तर सोलते. तुमच्या घरची जळजळ टेन्शनपेक्षा या गोळीची आणि उपाशीपोटी चहा-खर्र्याची असण्याची शक्यता मोठी आहे. ती बीपी वाढवते आणि बीपीच्या औषधाचा जोर कमी करते. उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलेल्या माणसाच्या मूत्रपिंडांना तिनं इजा होऊ शकते. म्हणजे टेन्शननं मान दुखली, मानेसाठी गोळी घेतली, गोळीनं पोट आणि बीपी बिघडलं, आणि त्याचं पुन्हा टेन्शन आलं. ही गोळी आजपासून बंद करा. दुखलंच तर डॉक्टरांना विचारून साधी पॅरासिटामॉल 500 ची घ्या, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवून. दारू पिणाऱ्यानं तीही विचारल्याशिवाय घ्यायची नाही. गावातला कोणी "ताकदीची" म्हणून बारीक पांढरी गोळी किंवा कंबरेत इंजेक्शन देत असेल तर नाव विचारा. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असेल तर ते स्टेरॉइड आहे. त्यानं साखर आणि बीपी दोन्ही चढतात आणि जखम भरत नाही. रोज बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद मात्र करू नका, डॉक्टरांना सांगून हळूहळू उतरवावी लागते.

टेन्शननं अल्सर होतो असं जुन्या काळी सांगत. 1982 साली ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना अल्सरच्या मागचा जंतू सापडला, त्याला 2005 चं नोबेल मिळालं. म्हणजे जठरातली जखम मुख्यतः जंतूनं आणि दुखण्याच्या गोळ्यांनी होते. टेन्शन काय करतं? पोटाची हालचाल बिघडवतं आणि पोटाला हळवं करतं, म्हणून तेवढंच आम्ल जास्त झोंबतं. आम्लाची गोळी (पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल) सकाळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. जेवल्यावर घेतली तर कमी काम करते. शौचाला डांबरासारखं काळं होणं, उलटीत रक्त, घास अडकणं, वजन उतरणं यातलं काही असेल तर गोळ्यांवर थांबायचं नाही, दुर्बिणीनं तपासून घ्यायचं.

पायाच्या जखमेत टेन्शनचा वाटा असतो, हे मोजलेलं आहे. 1995 साली अमेरिकेतल्या ओहायोत, घरात विसरभोळेपणाच्या आजाराचं माणूस सांभाळणाऱ्या बायका आणि तसा भार नसलेल्या त्याच वयाच्या बायका, दोघींच्या हातावर सारखीच छोटी जखम करून पाहिली. भार असलेल्या बायकांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. कॉर्टिसॉल सतत चढं राहिलं की जखमेवर काम करणाऱ्या पेशी मंदावतात. पण तुमच्या यजमानांच्या बाबतीत आधी साखर, आत राहिलेला काचर-काटा आणि पायाची बधिरता पाहायची. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का तेही विचारा. रोज साबण-पाण्यानं धुऊन, कोरडं करून, स्वच्छ पट्टी. हळद, चुना, तंबाखू जखमेत भरायची नाही. चिखलात जाताना गमबूट.

साखरेसाठी डॉक्टर एचबीए1सी लिहून देतील. ती तीन महिन्यांची सरासरी सांगते. पण आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार बऱ्याच घरांत आहे, आणि सिकलसेल असला किंवा रक्त कमी असलं की हा आकडा फसवा येऊ शकतो. घरात कोणाला सिकलसेल असेल तर आधी सांगा. मग उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशी साधी रक्ततपासणी बरी.

बीपी एकदाच मोजून ठरवायचं नसतं, आणि आपल्याकडे ते चुकीचंच मोजलं जातं. बसमधून उतरून रांगेत उभं राहून, खर्रा तोंडात, लघवी अडवलेली, डॉक्टर बोलतायत आणि आपण उत्तर देतोय. अशात आकडा दहा-वीसनं सहज फुगतो. गावच्या उपकेंद्रात, आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, समुदाय आरोग्य अधिकारी फुकट मोजून देतात. अर्धा तास आधीपासून चहा-खर्रा नाही. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी न घालता पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, काळजाच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा. असं आठवड्यातून दोन-तीनदा, दोन आठवडे. तरीही 140/90 च्या वरच राहिलं तर गोळी लागेल आणि ती घ्यावी. "एकदा सुरू झाली की सुटत नाही" म्हणून लोक टाळतात. पुढे वजन, मीठ, खर्रा आवरला आणि दाब उतरला तर डॉक्टर कमी करतात. पण आकडा चांगला आला म्हणून आपल्या मनानं बंद करणं, यात अर्धांगवायूचा धोका आहे. तो चांगला आकडा गोळीमुळेच आलेला असतो.

मिठाचं माप घरात सोपं आहे. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, सगळं धरून. चार माणसांच्या घरात एक किलोचा पुडा पन्नास दिवस पुरायला हवा, आणि लोणचं, पापड, ठेचा वेगळा होत असेल तर त्याहून जास्त दिवस. तुमचा किती दिवसांत संपतो ते पाहा.

खर्र्यावर आमचं मत स्पष्ट आहे. "टेन्शन कमी होतं म्हणून खातो" असं सगळे म्हणतात आणि त्यांना तसं खरंच वाटतं. पण कमी होते ती मागच्या खर्र्याचा अंमल उतरल्यानं आलेली तलफ. प्रत्येक खर्र्यानं काळजाचे ठोके आणि दाब थोडा वेळ वर जातो, दिवसातून आठ-दहा वेळा. एकदम सोडवत नसेल तर असं करा. सकाळचा पहिला खर्रा उठल्यावर एक तासानं, पुढच्या आठवड्यात दोन तासांनी. जेवणानंतर रात्री एकही नाही. पुडी खिशात नको, टपरीवर जाऊनच घ्यायची. तलफेची लाट पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ बडीशेप, भाजलेली जवस, लवंग चघळा. सुपारी नको, तोंडाचा कॅन्सर नुसत्या सुपारीनंही होतो. पूर्ण सोडल्यावर पहिले तीन दिवस सगळ्यात जड जातात. चिडचिड होईल, झोप आणखी बिघडेल, डोकं दुखेल. तीन-चार आठवड्यांत हे निवळतं. त्या दिवसांत घरात हिशोबाचा विषय काढू नका. 1800-11-2356 ही तंबाखू सोडवण्याची सरकारी फुकट लाइन आहे. आणि आजच एक पाहा. तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील, तिखट झोंबत असेल, किंवा गालाच्या आत पांढरा-लाल चट्टा असेल तर दंतवैद्याला दाखवा, पुढच्या महिन्यात नाही, या आठवड्यात.

आता रात्री तीनला करायचं काय. उठून गोठ्यात जाऊ देऊ नका. खाटेवरच उताणं, एक हात बेंबीवर. नाकानं श्वास घेताना मनात चार मोजायचे, सोडताना सहा. मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास सोडताना मेंदूतून काळजाकडे आणि पोटाकडे येणारी व्हेगस नावाची नस ठोके मंद करते, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. दहा मिनिटं. लोक चुकतात ते इथं, मोठमोठे श्वास ओढतात, मग चक्कर आणि मुंग्या येतात. श्वास मोठा नको, सावकाश हवा, छाती हलली नाही तरी चालेल, पोटावरचा हात हलला पाहिजे. मग खांदे कानांपर्यंत उचलून पाच सेकंद आवळायचे आणि एकदम सोडून वीस सेकंद तसेच सैल. तीनदा. तसंच मुठी, तसाच जबडा. हे रात्री पहिल्यांदाच करून जमत नाही. संध्याकाळी, धडधड नसताना, रोज दहा मिनिटं सवय केली तरच तीनला कामी येतं, आणि फरक कळायला दोन-तीन आठवडे जातात. वीस मिनिटांत झोप नाही लागली तर उठून ओसरीत मंद उजेडात बसावं, तुम्ही सोबत. मोबाइल नाही, घड्याळ नाही. डोळे जड झाले की परत खाटेवर. कितीही कमी झोप झाली तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवा. चहा चारनंतर बंद, चहातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच तास लागतात.

"दिवसभर वावरात राबतो, व्यायाम कशाला?" असं ते म्हणतील. वावरातलं काम वाकून, थांबून-थांबून, मनात हिशोब चालू ठेवून होतं. दिवस कलल्यावर अर्धा तास, डोक्यावर-पाठीवर ओझं न घेता, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं चालणं वेगळं. त्यानं ओतलेली साखर जळते आणि झोप खोल लागते. पायाची जखम भरेपर्यंत मात्र थांबा. तोवर श्वासाचंच करा.

श्वासानं कर्ज फिटत नाही, हे आम्हालाही कळतं. म्हणून हिशोबाला दिवसातली एक वेळ द्या. संध्याकाळी सहा ते साडेसहा, दोघांनी वही घेऊन बसा. कोणाचं किती, व्याज काय, तारीख काय. या आठवड्यात कोणाला भेटायचं ते एका बाजूला, आपल्या हातात नाही ते दुसऱ्या बाजूला. साडेसहाला वही बंद. रात्री विचार आला तर "उद्या सहाला" म्हणायचं. डोक्यात फिरणारा हिशोब कागदावर आला की त्याचा आकडा होतो, आणि आकड्यावर बोलता येतं. बँकेत कर्जाच्या पुनर्गठनाचं लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या. सावकाराकडे परवाना नसेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या कार्यालयात, तक्रार करता येते. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथं बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे काम तुमच्या नावानं होऊ शकतं.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक गेलेली, बोलणं बंद, असं असेल तर ते नैराश्य आहे. आपल्याकडे ते "मन उदास आहे" म्हणून दवाखान्यात येत नाही, अंगदुखी, धडधड आणि अॅसिडिटी म्हणून येतं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघर जाऊन याबद्दल बोलायला सुरुवात केली, तेव्हा नैराश्य असूनही उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं, असं 2017 साली छापून आलं. म्हणजे माणसं यायला तयार असतात, कोणी विचारत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांचा विभाग असतो. तिथं दिलेल्या नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि तिची नशा किंवा सवय लागत नाही. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळीची. ती मेडिकलमधून मागून आणू नका, आणि कोणी महिनोन्‌महिने घेत असेल तर एकदम थांबवू नका.

धडधड झाली तर थांबायचं कधी नाही? छातीवर दगड ठेवल्यासारखं दडपण, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, थंडगार घाम, धाप, विशेषतः चालताना येणारं. पंधरा मिनिटांत गेलं नाही तर 108. "गॅस असेल" म्हणून सोडा-लिंबू देत बसू नका. पहिला ईसीजी चांगला आला तरी काही तासांनी परत काढायला आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करायला सांगा. टेन्शनची धडधड बहुतेकदा बसल्या-झोपल्या येते, दहा मिनिटांत शिगेला जाते आणि उतरते. पण 46 वर्षांचा, खर्रा खाणारा, बीपीवाला माणूस असताना हा फरक घरी ओळखण्याच्या भानगडीत पडायचं नाही.

आता तुमच्या मुंग्या. जीव घाबरा झाला की श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्तच बाहेर पडतो, आणि त्यानं बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. श्वास सावकाश केला की पाच-दहा मिनिटांत जातात. पिशवीत तोंड घालून श्वास घ्यायचा उपाय कोणी सांगेल, तो करू नका. पण हे एकच कारण नाही. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलं-सुरलं खाणाऱ्या बाईचं रक्त कमी असतं, आणि कमी रक्तानंही धडधडतं, दम लागतो. हिमोग्लोबिन 12 च्या वर हवं. थायरॉइडचं टीएसएच आणि साखर पाहा. मांसाहार नसेल तर बी12 कमी असूनही मुंग्या येतात. लोहाच्या गोळ्या आशाताई देतात. गोळी आणि चहा यात तासाभराचं अंतर हवं, नाहीतर लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या वरणासोबत चालेल. आणि तीन महिने तुम्हीही तीनलाच उठताय, त्यांच्यामागे गोठ्यात जाताय. ती झोपमोड तुमच्याही अंगात बसते. आठवड्यातून दोन रात्री सोबतीला दिराला किंवा मोठ्या मुलाला बोलवा आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा.

ग्रामीण रुग्णालयात जाल तेव्हा सकाळी दोघंही उपाशीपोटी निघा. जुने कागद, वही, रोज खातात त्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि फवारणीच्या औषधाचं नाव लिहून घ्या. डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: "रात्री तीनला उठतात, बोलत नाहीत, गोठ्यात जाऊन बसतात." बीपी-शुगर त्यानंतर. आणि खिडकीवर केसपेपर दोन काढा, एक त्यांच्या नावाचा, एक तुमच्या.